'द वायर'चे पाचवे पर्व आधीच्या चार पर्वांच्या तोडीचे आहे का?

सावकाश

रसभंगाचा इशारा आधीच देऊन ठेवतो. या धाग्यात 'द वायर' या अमेरिकी मालिकेच्या पाचही पर्वांचे कथानक शेवटासकट उघड होणार आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी आधी ती पाहावी आणि मग इकडे फिरकावे. धागा कुठे पळून जात नाही.

गेल्या चार महिन्यांत, दिवसाआड एक भाग या हिशेबाने, मी ही मालिका दुसऱ्यांदा पाहून संपवली. पहिल्या वेळी सबटायटल्स लावूनही, मालिका जिथे घडते त्या बाल्टिमोर शहराच्या नाक्यांवरची बोली निम्मीच कळली होती, त्यामुळे कथानकाच्या मागे धावण्यातच सगळा वेळ गेला. या वेळी धावपळ नव्हती आणि म्हणूनच शेवटच्या पर्वाबद्दलची जुनी रुखरुख अधिक स्पष्ट झाली.

ज्यांना विसर पडला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००२ ते २००८ या काळात पाच पर्वे आणि एकूण ६० भाग झाले. पहिल्या पर्वात अमली पदार्थांचा धंदा आणि त्यामागे लागलेले पोलीस, दुसऱ्यात बंदरावरचे कामगार, तिसऱ्यात नगरपालिकेचे राजकारण, चौथ्यात शाळा आणि पाचव्यात वृत्तपत्र, अशी शहराची एकेक व्यवस्था मालिका उलगडत जाते. निर्माते डेव्हिड सायमन हे स्वतः १९८२ ते १९९५ या काळात 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राचे वार्ताहर होते, तर त्यांचे सहलेखक एड बर्न्स आधी पोलीस खात्यात गुप्तहेर आणि नंतर शाळेत शिक्षक होते. म्हणजे जे लिहिले ते अंगावर काढलेले होते, ऐकीव नव्हते.

माझी अडचण नेमकी इथेच आहे. आधीच्या चार पर्वांत असा एकही महत्त्वाचा माणूस नाही ज्याला आपण एका शब्दात निकालात काढू शकतो. बंदरावरचा फ्रँक सोबोत्का तस्करीच्या पैशावर आपली कामगार संघटना जगवतो. अमली पदार्थांच्या टोळीतला स्ट्रिंगर बेल खून घडवून आणतो आणि संध्याकाळी अर्थशास्त्राच्या वर्गाला जाऊन बसतो. पाचव्या पर्वातल्या वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र पात्रांना जणू आधीच गुण देऊन टाकलेले आहेत. शहर विभागाचा संपादक गस हेन्स हा सज्जन, हुशार, विनोदी आणि प्रत्येक वादात बरोबर असतो. स्कॉट टेम्पलटन हा बातम्या रचणारा वार्ताहर पहिल्या दिवसापासून महत्त्वाकांक्षी आणि पोकळ असतो. वरचे दोन साहेब, व्हायटिंग आणि क्लेबॅनो, हे पुरस्कारांवर डोळा ठेवून बसलेले असतात आणि 'डिकन्सच्या धर्तीचे' हे एकच पालुपद लावून धरतात. (समीक्षक या मालिकेलाच डिकन्सची उपमा देत असत, हे लक्षात घेतले तर तो विनोद चांगला आहे, हे मान्य.) सायमन यांचे आपल्या जुन्या वरिष्ठांशी तीव्र मतभेद होते आणि त्यांनी ते लपवलेले नाहीत. पोलिसांकडे, गुन्हेगारांकडे आणि शिक्षकांकडे ज्या थंड नजरेने त्यांनी पाहिले, ती नजर स्वतःच्या घरात शिरल्यावर तापली, असे मला वाटते.

त्यात या पर्वाला भाग मिळाले १०. आधीच्या पर्वांना १२ किंवा १३ मिळाले होते. ही मालिका ज्या संथपणावर उभी आहे, तोच संथपणा इथे उणा पडतो.

सुरुवात मात्र अप्रतिम आहे. पोलीस तपासनीस बंक आणि त्याचे सहकारी एका संशयित पोराला झेरॉक्स यंत्रासमोर बसवतात, हे खोटे पकडणारे यंत्र आहे असे सांगतात आणि त्याचा हात काचेवर ठेवायला लावतात. नाव विचारतात, 'खरे' असे छापलेला कागद बाहेर येतो. पत्ता विचारतात, पुन्हा 'खरे'. मग गोळी तू झाडलीस का, असे विचारतात आणि 'खोटे' छापलेला कागद बाहेर येतो. पोरगा खचतो आणि सगळे ओकून टाकतो. थाप जितकी मोठी तितकी ती पटते, अशा अर्थाचे बंकचे वाक्य तिथेच येते आणि पुढच्या दहा भागांचा विषय त्या खोलीतच मांडून होतो. प्रश्न एवढाच आहे की त्या पाच मिनिटांत जे साधले, ते पुढच्या दहा तासांत साधले का? माझ्या मते अर्धेच साधले. इतरांची मते वाचायला आवडतील.

रात्रपाळी

धागा काढल्याबद्दल आभार. मी मराठी दैनिकात तीस वर्षे उपसंपादक होतो, त्यांतली बहुतेक वर्षे रात्रपाळीत गेली, त्यामुळे पाचव्या पर्वाबद्दल माझे मत तटस्थ असण्याची शक्यता नाही, हे आधीच कबूल करतो.

व्हायटिंग आणि क्लेबॅनो ही पात्रे पातळ झाली आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु कचेरीतली खालची माणसे जितक्या बारकाईने उभी केली आहेत तितकी ती मी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेली नाहीत. पहिल्याच भागातला एक प्रसंग पाहा. आगीच्या बातमीत तरुण वार्ताहर आल्मा लिहिते की एवढ्या एवढ्या लोकांना 'रिकामे करण्यात आले'. तेव्हा जे स्प्राय नावाचा म्हातारा संपादक तिला शांतपणे समजावतो की इमारत रिकामी करता येते. माणूस रिकामा करायचा तर त्याला एनिमा द्यावा लागेल. हा विनोद मराठीत जसाच्या तसा चालतो, हे विशेष. आमच्याकडे एका तालुका वार्ताहराने 'मृतदेह जागीच ठार झाला' असे लिहून पाठवले होते आणि आमच्या मुख्य उपसंपादकांनी तो कागद कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो दाखवला जाई.

दुसरा प्रसंग. गस मध्यरात्री दचकून जागा होतो, कारण आपण एका बातमीतील आकड्यांची अदलाबदल तर केली नाही ना, अशी शंका त्याला येते. तो कचेरीत फोन लावून खातरजमा करतो आणि मगच झोपतो. पान सोडून घरी आल्यावर पहाटे तीन वाजता ज्याच्या पोटात असा गोळा आला नाही, त्याने डेस्कवर काम केलेच नाही, असे मी खुशाल म्हणेन. तुम्ही गसला 'प्रत्येक वादात बरोबर' म्हणता. मला तो सतत स्वतःवर संशय घेणारा माणूस दिसतो आणि टेम्पलटनमध्ये नेमकी तीच गोष्ट नाही.

परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. वृत्तपत्राच्या कथानकात काय घडते हे पाहण्यापेक्षा काय घडत नाही हे पाहावे. आपण प्रेक्षक म्हणून पाच पर्वे जे पाहिले, त्यातले या वृत्तपत्राला काय ठाऊक आहे? प्रॉप जो हा शहरातील धंद्याचा मोठा सूत्रधार मारला जातो, पण तो कोण होता हे कचेरीत कोणालाही माहीत नसते. अमली पदार्थ विकणाऱ्यांना लुटणारा ओमार एका किराणा दुकानात सिगारेट घेत असताना केनार्ड नावाच्या एवढ्याशा पोराकडून मारला जातो. ज्याच्या नुसत्या चाहुलीने गल्ल्या ओस पडत, त्या माणसाची बातमी संध्याकाळी जागेअभावी सुटते आणि तिच्याऐवजी एका आगीची बातमी लागते. बातमी गाळणारा गसच असतो. तो चुकतो, आणि आपण चुकलो हे त्याला कधीच कळत नाही. तुम्हाला हवी असलेली राखाडी छटा इथे आहे. फक्त पात्राने त्याबद्दल बोलून दाखवलेले नाही.

मी ज्या दैनिकात होतो तिथे निवृत्तीच्या आधीच्या चारेक वर्षांत तालुक्यांची पाने एकत्र करण्यात आली. तीन जिल्ह्यांचे एक पान मुख्यालयात लागू लागले आणि ते लावणाऱ्या मुलाला त्या गावांची नावेसुद्धा धड वाचता येत नसत. त्यात त्याचा दोष नव्हता. पण जी बातमी आलीच नाही तिची चूक कोणी काढत नाही, तिचा खुलासा छापावा लागत नाही आणि तिच्याबद्दल वाचकाचे पत्रही येत नाही. पाचव्या पर्वाने हे दाखवले, म्हणून टेम्पलटनच्या लबाडीचे कथानक थोडे ठोकळेबाज असले तरी मी ते माफ करतो.

जाता जाता: टेम्पलटनचे काम करणारे टॉम मॅकार्थी यांनीच पुढे वृत्तपत्राच्या शोधपत्रकारितेवरचा, ऑस्कर मिळवलेला चित्रपट दिग्दर्शित केला. प्रायश्चित्त म्हणावे काय!

तर्कट

रात्रपाळी यांचा प्रतिसाद उत्तम आहे. पण दोघांनीही खऱ्या दुखण्याला हात घातलेला नाही. पाचव्या पर्वाचा कणा वृत्तपत्र नसून पोलीस तपासनीस मॅकनल्टीची थाप आहे. खात्याकडे पैसे नाहीत, ओव्हरटाइम मिळत नाही, अमली पदार्थांचा धंदा चालवणाऱ्या मार्लोच्या टोळीने ओस घरांमध्ये दडवलेल्या २२ प्रेतांचा तपास गुंडाळला जातो, म्हणून हा गृहस्थ बेघर माणसांना मारणारा एक खुनी मनाने तयार करतो. नैसर्गिकरीत्या मेलेल्या माणसांच्या गळ्यावर खुणा उमटवतो, मनगटाला लाल फीत बांधतो, आणि लेस्टर फ्रीमनसारखा जिवंतपणी दंतकथा झालेला संयमी तपासनीस त्याला विरोध करण्याऐवजी खुनी अधिक भडक कसा करावा याच्या सूचना देतो. पहिल्या पर्वात ज्या मालिकेने एका टेलिफोनवर कान ठेवण्याची परवानगी मिळवण्यासाठी कित्येक भाग खर्ची घातले, तिच्यात हे कसे बसते? दातांच्या कवळीने चावल्याच्या खुणा करण्यापर्यंत गोष्ट गेली तेव्हा मी चक्क हसलो आणि ते हसू लेखकांना अपेक्षित होते की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

फ्रीमनचे पात्र या पर्वाने खर्ची टाकले, हे माझे गाऱ्हाणे आहे. बाकी चालू द्या.

सावकाश

तर्कट, तुमचा आक्षेप गंभीर आहे आणि पहिल्या वेळी माझाही तोच होता. दुसऱ्या वेळी मात्र एक गैरसोयीचा प्रश्न पडला. तिसऱ्या पर्वात मेजर कोल्विन वरिष्ठांना न सांगता आपल्या हद्दीत काही ओसाड गल्ल्या अमली पदार्थांच्या विक्रीसाठी मोकळ्या सोडतो आणि तिथे पोलीस कोणाला पकडत नाहीत. हे काय कमी अविश्वसनीय आहे? तरीही त्या गल्ल्यांच्या 'हॅम्स्टरडॅम'बद्दल कोणी तक्रार करत नाही, उलट तिसरे पर्व सर्वोत्तम मानणारे पुष्कळ आहेत.

फरक मला असा वाटतो की कोल्विनच्या वेडेपणाला बारा भागांची हवा मिळाली. त्या गल्लीत राहणाऱ्या एका म्हातारीचे काय करायचे, हा प्रश्न येतो. धंदा तिथे हलल्यावर पहारा देणारी लहान पोरे बेकार होतात, त्यांचे काय, हा प्रश्न येतो. रिकाम्या घरात जॉनी हा व्यसनी मरून पडतो. इतर गल्ल्यांमध्ये लोक पुन्हा ओट्यांवर बसू लागतात. महापौरांच्या कानावर गोष्ट जाते तेव्हा ते ती ताबडतोब बंद करत नाहीत, आकडे पाहून क्षणभर मोहात पडतात. शेवटी कोल्विनचे पद आणि निवृत्तिवेतन दोन्ही कापले जातात. एक अशक्य गोष्ट, पण तिचे परिणाम एकेक करून शक्य कोटीतले.

मॅकनल्टीच्या थापेला हा वेळ मिळालेला नाही. चौथ्या पर्वात दारू सोडून संसाराला लागलेला माणूस पाचव्याच्या सुरुवातीला पुन्हा बाटलीला लागलेला असतो आणि दुसऱ्या भागात प्रेताच्या गळ्याला हात घालतो. इतके अंतर इतक्या झपाट्याने कापले की प्रेक्षकाला धाप लागते. फ्रीमनबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्णपणे सहमत नाही. पहिल्या पर्वातच आपल्याला कळते की वरिष्ठांचे न ऐकल्यामुळे त्याला तेरा वर्षे आणि वर चार महिने गहाणवटीच्या दुकानांच्या कागदपत्रांत सडवले होते. इतकी वर्षे कोपऱ्यात बसून बाहुल्यांच्या घराचे फर्निचर घडवणाऱ्या माणसाच्या मनात काय साठले असेल, याचा हिशेब पाचव्या पर्वाने मांडला. तो अधिक सावकाश मांडायला हवा होता, एवढेच.

आणि या थापेचे सर्वांत मोठे समर्थन शेवटच्या भागात आहे. थाप उघडकीस आल्यावर महापौर कार्केटी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत गुंतलेला असतो आणि बेघरांच्या प्रश्नावर त्याने मते कमावलेली असतात. पोलीस खात्याला पैसा मिळालेला असतो. वृत्तपत्राला पुरस्काराचे वेध लागलेले असतात. कोणालाही सत्य परवडत नाही. कार्केटीचा सल्लागार नॉर्मन, जो स्वतः पूर्वी पत्रकार होता, तो हसत सुटतो आणि आपण अजून वृत्तपत्रात असतो तर या सगळ्यावर लिहिता आले असते, असे म्हणतो. लोक या थापेवर विश्वास कसा ठेवतील, असे आपण विचारत राहतो. मालिका दाखवते की ती प्रत्येकाच्या कामाला आली होती. झेरॉक्स यंत्रापुढच्या पोराला निदान ती खरी तरी वाटली होती.

खडूची पूड

मी महानगरपालिकेच्या शाळेत सातवी आणि आठवीला शिकवते. चौथे पर्व मी शाळेच्या उन्हाळी सुट्टीत पाहिले आणि ते पाहताना दोन वेळा उठून बाहेर जावे लागले, त्यामुळे माझ्यासाठी पाचव्या पर्वाचा प्रश्न एवढाच होता की त्या चार मुलांचे पुढे काय झाले.

तक्रार अशी की त्यांना जागा फारच कमी मिळाली. मायकेल, ड्यूकी, रँडी आणि नेमंड यांच्यावर तेरा भाग खर्च केल्यावर रँडीच्या वाट्याला एक प्रसंग येतो आणि नेमंडच्या वाट्याला एक. नेमंड वादस्पर्धेत बोलताना दिसतो आणि कोल्विन प्रेक्षकांत बसलेला असतो. तेवढ्यावर त्याची कथा संपते. वृत्तपत्राच्या कचेरीतल्या बैठका थोड्या कमी करून ही मिनिटे मुलांना देता आली असती, असे मला अजूनही वाटते.

रँडीचा तो एकच प्रसंग मात्र विसरता येत नाही. चौथ्या पर्वात मिठाई विकून चार पैसे जमवणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा हा मुलगा अनाथगृहात आता उंच, रुंद आणि दगडासारखा झालेला असतो. बंक चौकशीला येतो तेव्हा तो त्याला पोलिसांच्या जुन्या वचनांची आठवण करून देतो, एक शब्दही सांगत नाही आणि निघून जाताना जिन्यात एका लहान मुलाला धक्का मारतो. पोलिसांशी बोलल्यामुळे या मुलाचे घर जाळले गेले होते. शाळेने, पोलिसांनी आणि बालकल्याण खात्याने मिळून काय तयार केले, ते त्या धक्क्यात दिसते.

दुसरा प्रसंग ड्यूकीचा. घरातून बाहेर काढलेला, मळक्या कपड्यांमुळे सगळे ज्याला टाळत असा हा मुलगा वर्गात सर्वांत हुशार होता, आणि प्रेझबिलेव्हस्की सर त्याचे कपडे शाळेत धुऊन देत. पाचव्या पर्वाच्या शेवटी तो त्यांच्याकडे येऊन शिक्षणासाठी पैसे मागतो. सर पैसे देतात, पण खोटे असेल तर पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, हेही सुचवतात. नंतर गाडीत बसून त्याला जाताना बघत राहतात. माझ्याकडेही एक माजी विद्यार्थी असाच पुस्तकांसाठी म्हणून पैसे मागायला आला होता. मी पाचशे रुपये दिले आणि त्यानंतर तो कधी भेटला नाही. तो खरे बोलत होता की खोटे, हे मला माहीत नाही आणि म्हणूनच तो प्रसंग मला पुन्हा पाहता येत नाही.

आणि मायकेल व ड्यूकी यांचा निरोप. मायकेल त्याला भंगार गोळा करणाऱ्या घोडागाडीवाल्यांच्या गल्लीत सोडायला येतो. ड्यूकी विचारतो, गेल्या उन्हाळ्यात आपण त्या पोरांवर फुगे फेकले होते, आठवते? हा चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागातला प्रसंग आहे, आणि त्यांच्या हिशेबाने त्याला जेमतेम एक वर्ष झालेले आहे. मायकेल थोडा वेळ थांबतो आणि नाही आठवत, असे म्हणतो. तर्कट यांची दातांची कवळी, लाल फीत आणि सावकाश यांचे व्हायटिंगसाहेब हे सगळे एका पारड्यात आणि ते 'नाही आठवत' दुसऱ्या पारड्यात ठेवले तर माझे पारडे कुठे झुकते हे सांगायला नको. तरी तोड विचाराल तर चौथे पर्व वरचे. पाचवे त्याच्या पुण्याईवर उभे आहे.

चेसापीककाठी

मी गेली काही वर्षे मेरीलँडमध्ये राहतो. बाल्टिमोर घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर आहे. खडूची पूड यांनी उल्लेखलेल्या घोडागाड्यांना इथे 'अरॅबर' म्हणतात. फळे-भाजी विकणाऱ्या अशा काही गाड्या अजून शहरात फिरतात आणि घोड्याच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज ऐकला की मला गावाकडचा बाजार आठवतो.

पाचव्या पर्वाबद्दल माझा आक्षेप वेगळाच आहे. २००८ मध्ये प्रसारित झालेल्या या पर्वात इंटरनेट जवळजवळ नाहीच. वृत्तपत्राचा ऱ्हास मालकांच्या हव्यासामुळे आणि साहेबांच्या पुरस्कारलोभामुळे झाला, असे ते सांगते. हे खोटे नाही, पण जाहिराती कागदावरून कुठे चालल्या होत्या याचा पत्ताच पात्रांना नसावा, हे विचित्र वाटते. सायमन १९९५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्या मनातली कचेरी त्याच वर्षी थांबली, असा मला संशय आहे.

मात्र दिशा त्यांनी बरोबर हेरली होती. मालिकेत गसच्या सहकाऱ्यांना पैसे देऊन घरी पाठवले जाते. प्रत्यक्षात 'सन'ने २०१८ मध्ये कॅल्व्हर्ट स्ट्रीटवरची आपली जुनी इमारत सोडली. २०२४ च्या जानेवारीत हे वृत्तपत्र सिंक्लेअर या दूरचित्रवाणी कंपनीच्या प्रमुखांनी विकत घेतले. दरम्यान २०२२ मध्ये 'बाल्टिमोर बॅनर' नावाचे ना-नफा तत्त्वावरचे नवे वृत्तपत्र इंटरनेटवर सुरू झाले होते. आता पुढचे वाचा. टेम्पलटनला मालिकेत खोट्या बातम्यांसाठी पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळते. 'बॅनर'ला २०२५ मध्ये स्थानिक वार्तांकनाचे पुलित्झर 'न्यूयॉर्क टाइम्स'सोबत मिळाले, आणि ते कशासाठी? अमली पदार्थांच्या अतिसेवनाने शहरातील वयस्क कृष्णवर्णीय पुरुष किती मोठ्या प्रमाणात मरत आहेत, हे उघड केल्याबद्दल. ही साधारण मालिकेतल्या व्यसनी बबल्सचीच पिढी.

बबल्सचा विषय कोणी काढला नाही म्हणून सांगतो. पाचव्या पर्वात तो बहिणीच्या घराच्या तळघरात राहतो आणि वर जाणाऱ्या जिन्याचे दार बहिणीने कुलूप लावून बंद ठेवलेले असते. शेवटच्या भागात ते दार उघडे असते. तो जिना चढून जातो आणि जेवणाच्या टेबलाशी बसतो. संवाद नाही, संगीताचा उमाळा नाही. पाच पर्वे चालून आल्यावर एका माणसाला एक जिना चढता येतो. मी हे पर्व आधीच्या तीन पर्वांच्या बरोबरीचे मानतो ते या जिन्यामुळे. चौथ्याशी कोणाचीच तुलना नको.

तर्कट

बबल्सच्या बाबतीत हरकत नाही. मात्र त्याचा जिना मॅकनल्टीच्या थापेशिवायही चढता आला असता, हे नोंदवून ठेवतो.

रात्रपाळी

चेसापीककाठी यांचा इंटरनेटबद्दलचा आक्षेप मान्य करावाच लागेल. आमच्याकडेही तेव्हा संकेतस्थळ म्हणजे पोरांचा खेळ समजला जाई. पण पोरे निदान कचेरीत होती.

शेवटच्या भागाच्या नावाबद्दल थोडे लिहितो, कारण ते अनेकांना कोडे वाटते. त्या भागाचे नाव '–३०–' असे आहे. अमेरिकेतील वार्ताहर जुन्या काळी बातमीच्या मजकुराखाली हा आकडा टाकत. मजकूर इथे संपला, असा त्याचा अर्थ. दिग्दर्शन क्लार्क जॉन्सन यांचे आहे, म्हणजे जे गसची भूमिका करतात त्यांचेच. मालिकेचा पहिला भागही त्यांनीच दिग्दर्शित केला होता. त्या भागात मायकेल बंदूक घेऊन ओमारच्या वाटेला लागतो, ड्यूकी बबल्सच्या, आणि तपासनीस सिडनर वरिष्ठांना डावलून न्यायाधीश फेलन यांच्या दालनात जाऊन बसतो, जसा पहिल्या पर्वात मॅकनल्टी बसला होता. काहींना ही जुळणी फार नेटकी वाटते. मलाही किंचित वाटली. ड्यूकीच्या बाबतीत ती पटते, कारण आपण त्याला तिथवर पायरीपायरीने जाताना पाहिले आहे. सिडनरच्या बाबतीत ती आकृती पूर्ण करण्यासाठी केलेली वाटते.

सावकाश

काल रात्री आठवा भाग पुन्हा पाहिला. रात्रपाळी यांनी ओमारच्या सुटलेल्या बातमीचा उल्लेख केल्यापासून तो पाहायचा होता.

त्या भागाचा शेवट मी साफ विसरलो होतो. ओमारचे प्रेत शवागारात असते आणि शेजारी एका गोऱ्या माणसाचे. तिथला कर्मचारी नावाच्या चिठ्ठ्या पाहतो, प्रेतांकडे पाहतो, दोन्हींची अदलाबदल झाल्याचे त्याच्या लक्षात येते, आणि तो त्या काढून योग्य जागी लावतो. मग पिशवीची चेन ओढून घेतो. बस, एवढेच. भागाचे नाव 'क्लॅरिफिकेशन्स' आहे, म्हणजे आपल्या वृत्तपत्रांत कोपऱ्यात छापतात तो खुलासा. पहिल्या वेळी हे नाव मी टेम्पलटनच्या भानगडीशी जोडले होते.

त्यामुळे 'अर्धेच साधले' हे माझे पहिले विधान थोडे मागे घेतो. वरच्या साहेबांच्या बैठकांबद्दल आणि मॅकनल्टीच्या घाईबद्दल मत बदललेले नाही. क्रम विचाराल तर चौथे, तिसरे, पहिले, मग पाचवे आणि दुसरे बरोबरीने. बंदरावरच्या पर्वाचे चाहते आता अंगावर येतील, त्यांनी खुशाल यावे. परंतु वृत्तपत्राबद्दल मी जे म्हणालो ते व्हायटिंगच्या दालनात बसून म्हणालो होतो. ओमारच्या बाबतीत संपूर्ण शहरात एकच दुरुस्ती झाली, ती एका शवागारातल्या माणसाने केली, आणि आपण कोणाचे नाव जागेवर लावले हे त्याला ठाऊक नव्हते.